विदर्भाचे मँगनीज आणि 'क्ष'ची किंमत

सिंदी मेघे हे वर्धा शहराला चिकटून वाढलेले गाव. तिथे घराचा पाया खणताना किंवा विहिरीचे काम निघाल्यावर जमिनीच्या पोटातून काय येते, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. आधी काळी माती, तिच्याखाली पिवळसर-तांबूस मुरूम आणि त्याच्याही खाली फोडता फुटत नाही असा काळा पाषाण. मुरूम आणि पाषाण हे दोन वेगळ्या जातीचे दगड असावेत, असे वाटते. मुळात तो एकच दगड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हापासून हा बेसॉल्ट झाला. खाली तो ताजा राहिला, वर हवापाण्याने कुजला. कुजताना रंग बदलला तो मुख्यतः लोखंडामुळे. ताज्या बेसॉल्टमधल्या लोखंडाच्या बहुतेक अणूंनी प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. झिरपणारे पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन मिळून त्यांच्याकडून आणखी एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतात. दोनाचे तीन झाले की काळ्याचे तांबडे होते.

या 'दोन' आणि 'तीन'ला रसायनशास्त्रात ऑक्सिडीकरण अंक म्हणतात. अकरावीच्या मुलांना तो नियमांची यादी म्हणून भेटतो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि निकालानंतर विसरला जातो. हे वाईट आहे, कारण ज्या मुलुखात ही मुले शिकतात तिथल्या खाणी, कारखाने, विहिरी आणि संत्र्याच्या बागा या सगळ्यांचा कारभार याच अंकावर चालतो. तो काढायला लागते फक्त बेरीज-वजाबाकी आणि सातवीतले बीजगणित.

साध्या मिठापासून सुरुवात करू. सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरिनच्या अणूने तो घेतला. दुकानदाराच्या खतावणीत उसने देणाऱ्याच्या बाजूला 'येणे' आणि घेणाऱ्याच्या बाजूला 'देणे' मांडतात, तसे इथे सोडियमच्या नावावर +१ आणि क्लोरिनच्या नावावर −१ लागते. दोन्ही मिळून शून्य. आयनिक संयुगांचे सगळे गणित या एका शून्यावर उभे आहे: संयुगाला स्वतःचा विद्युतभार नसतो, म्हणून त्यातल्या सर्व अणूंच्या अंकांची बेरीज शून्यच आली पाहिजे.

काही मूलद्रव्यांचे अंक जवळजवळ ठरलेले असतात. सोडियम, पोटॅशियम नेहमी +१, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम +२, ॲल्युमिनियम +३. फ्लुओरिन कायम −१. ऑक्सिजन बहुधा −२ आणि हायड्रोजन बहुधा +१. जो ठरलेला नाही त्याला 'क्ष' म्हणायचे आणि समीकरण मांडायचे. गेरूचेच घ्या. त्यातल्या रंगद्रव्यात लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. २क्ष + ३(−२) = ०, म्हणजे क्ष = +३. मुरमाचा तांबडेपणा याच +३ चा. फळबागेत बोर्डो मिश्रणासाठी लागणाऱ्या मोरचुदात तांबे आहे आणि सल्फेट आहे. सल्फेट हा गट एकत्रच वावरतो आणि त्याचा एकूण भार −२ असतो, म्हणून तांबे +२. गटाच्या आत डोकावायचे तर गंधकाला क्ष म्हणा: क्ष + ४(−२) = −२, गंधक +६. इथे बेरीज शून्य आली नाही, गटाच्या भाराइतकी आली. मूळ नियम तोच.

एखाद्या मूलद्रव्याचा निव्वळ तुकडा असेल, तांब्याची तार किंवा टाकीतला ऑक्सिजन, तर अंक शून्य. स्वतःच्याच जातभाईशी देवघेव झाली तर कुणाचेच येणे-देणे राहत नाही.

आता जरा अडचणीचे उदाहरण. साथीच्या दिवसांत ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, म्हणजे विरंजक चूर्ण. त्याचे सूत्र पुस्तकात कॅल्शियमचा एक, ऑक्सिजनचा एक आणि क्लोरिनचे दोन अणू असे देतात. (प्रत्यक्ष बाजारात मिळते ते एक मिश्रण असते, पण सूत्र हिशेबाला पुरे आहे.) कॅल्शियम +२, ऑक्सिजन −२, मग दोन क्लोरिनची बेरीज शून्य आणि प्रत्येकाचा अंकही शून्य. उत्तर गणिताने अचूक आणि अर्थाने चुकीचे. कारण या पावडरीत क्लोरिनचे दोन अणू सारखे नाहीत. एक ऑक्सिजनला बांधलेला आहे, त्याचा अंक +१. दुसरा मिठातल्यासारखा सुटा आयन, त्याचा −१. सरासरी शून्य निघते, पण शून्य अंकाचा अणू तिथे एकही नाही. डबा उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा आत शिरतात, हे +१ आणि −१ एकमेकांना भेटतात आणि खरोखरच शून्यावर येतात. तो शून्य म्हणजे मोकळा क्लोरिन वायू. पावडरीचा नाकात झोंबणारा वास त्याचा आणि उघड्या डब्यातल्या पावडरीचा जोर उतरतो तोही त्यामुळेच. म्हणून आयनिक संयुगाचा अंक काढताना पहिली पायरी समीकरणाची नसते. आधी त्यातले आयन वेगळे करायचे, मग प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडायचा.

दुसरा फसवा प्रकार पेरॉक्साइडचा. बेरियमचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन अशा संयुगात ऑक्सिजनला −२ धरले तर बेरियम +४ निघतो. बेरियमकडे सहज देण्याजोगे दोनच इलेक्ट्रॉन असतात. तेव्हा बदलायचा तो ऑक्सिजनचा अंक: इथे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरून आहेत आणि प्रत्येकाचा अंक −१ आहे. अगदी असेच दिसणारे सूत्र मँगनीज डायऑक्साइडचे. एक मँगनीज, दोन ऑक्सिजन. पण तिथे ऑक्सिजन सुटे आहेत, प्रत्येकी −२, आणि मँगनीज खुशाल +४. सूत्रे जुळी असली तरी अंक वेगळे. फरक कळायला धातूचा स्वभाव ठाऊक असावा लागतो, आणि मँगनीजइतका खर्चिक स्वभावाचा धातू शोधून सापडणार नाही. +२, +३, +४, +६, +७ हे त्याचे नेहमीचे अंक. प्रयोगशाळेत +५ सुद्धा दिसतो.

असा हा धातू विदर्भाच्या ईशान्य कोपऱ्यात डोंगर भरून आहे. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. तिथून पुढे हा पट्टा मध्य प्रदेशात बालाघाटकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात खाणकाम सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत मँगनीजच्या उत्पादनात भारत रशियाशी स्पर्धा करू लागला. १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. आज तिचे नाव मॉयल, मुख्यालय नागपुरात, आणि देशात निघणाऱ्या मँगनीज खनिजातला जवळपास निम्मा वाटा तिचा.

या खनिजांचा पहिला मोठा अभ्यास लुईस ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वतीने तो खाणी हिंडला आणि १९०९ मध्ये त्याने भारतातल्या मँगनीज साठ्यांवर भलाथोरला ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या एका खडकाला त्याने गोंड समाजावरून 'गोंडाइट' नाव दिले. बेलडोंगरीच्या एका खनिजाला आपल्या सहकाऱ्यावरून 'व्रेडेनबर्गाइट' म्हटले. पुढे ते एक खनिज नसून दोन खनिजांची गुंफण आहे असे ठरले. झाबुआजवळ काजळीडोंगरीत सापडलेले 'हॉलंडाइट' मात्र टिकले. फर्मोरच्या काळी इलेक्ट्रॉनचा शोध लागून जेमतेम बारा वर्षे झाली होती. आज आपण ज्या पद्धतीने अंक काढतो ती त्याच्या हाती नव्हती. त्याने नोंदवलेली खनिजे आपण या पद्धतीने तपासली, तर खडकाचे सगळे आयुष्य डोळ्यांपुढे येते.

त्या आयुष्याची सुरुवात शंभर कोटी वर्षांहून जुन्या एका समुद्रात झाली. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मँगनीज +२ अंकाचा आयन म्हणून विरघळून राहते. ते पाणी ऑक्सिजन असलेल्या उथळ भागात आले की अंक चढून +४ होतो, आणि +४ चे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. ते तळाशी बसते. म्हणजे मँगनीजचा थर समुद्राच्या तळाशी साचला तो केवळ अंक दोनाने वाढला म्हणून. +२ वरच राहिले असते तर सगळे पाण्याबरोबर वाहून गेले असते, आणि तुमसरला खाणच नसती.

मग तो गाळ खोल गाडला गेला. वर डोंगर चढले, दाब आणि उष्णता वाढली. मँगनीज डायऑक्साइडला उष्णता सोसत नाही. प्रयोगशाळेत ते साधारण ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की ऑक्सिजन सोडू लागते आणि +४ चे +३ होते. हजार अंशांच्या जवळपास नेले की आणखी उतरून +३ आणि +२ चे मिश्रण होते. खडकांतही अंक असेच उतरले, जरी तिथल्या परिस्थितीत दाब, पाणी आणि शेजारची वाळू यांचाही हात होता. वाळू आणि चिकणमाती जिथे जास्त मिसळली होती तिथे गोंडाइट झाला. त्यातल्या तांबूस गार्नेटमध्ये मँगनीजचे तीन अणू, ॲल्युमिनियमचे दोन आणि सिलिकेटचे तीन गट. प्रत्येक गटाचा भार −४, एकूण −१२. ॲल्युमिनियमकडून +६ आले. उरलेले +६ मँगनीजच्या तीन अणूंनी भागले, प्रत्येकी +२. समुद्रात ज्या अंकावर होते तिथेच परत.

जिथे मँगनीज दाट होते तिथे ब्राउनाइट झाले, खाणीतले नेहमीचे काळे, जड, कणीदार खनिज. त्याचे सूत्र सात मँगनीज, एक सिलिकॉन, बारा ऑक्सिजन. बारा ऑक्सिजनचे −२४; सिलिकॉन +४; म्हणून ७क्ष = +२०. सातने वीसला भाग जात नाही. क्ष येतो २.८६ च्या आसपास, आणि अडीच-पावणेतीन इलेक्ट्रॉन कुठलाच अणू देत नाही. टीसीएल पावडरीचा धडा इथे उपयोगी पडतो: अंक अपूर्णांकात आला की समजावे, एकाच नावाचे वेगवेगळे अणू आत दडले आहेत. ब्राउनाइटमध्ये एक मँगनीज +२ आहे आणि सहा +३. दोन अधिक अठरा, वीस. स्फटिकात त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत. हॉलंडाइट याच रीतीने सोडवता येते. एक बेरियम, आठ मँगनीज, सोळा ऑक्सिजन. मँगनीजच्या वाट्याला एकूण +३०. म्हणजे सहा अणू +४ चे आणि दोन +३ चे.

शेवटी डोंगर झिजले आणि तो थर पुन्हा उघड्यावर आला. पावसाचे पाणी मुरू लागले, हवेतला ऑक्सिजन पुन्हा कामाला लागला, आणि वरच्या भागातले +२ आणि +३ चे मँगनीज चढत चढत +४ झाले. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत मँगनीज डायऑक्साइड मिळते ते असल्या कुजलेल्या थरातून. हातात घेतले तर बोटे काळी होतात.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. शुद्ध ब्राउनाइटमध्ये वजनाने सुमारे ६३.६ टक्के मँगनीज असते. शुद्ध डायऑक्साइडमध्ये सुमारे ६३.२ टक्के. धातूचे प्रमाण जवळपास तंतोतंत सारखे, तरी दोन्हींची गिऱ्हाइके वेगळी. भट्टीसाठी जाणारे खनिज मँगनीजच्या टक्क्यांवर विकले जाते. डायऑक्साइडच्या प्रतीचे खनिज डायऑक्साइडच्या टक्क्यांवर. खाणवाल्याच्या भावपत्रकात ऑक्सिडीकरण अंक असा शब्द कुठे नसतो, पण दुसऱ्या रांगेतला भाव धातूच्या वजनाचा नसून +४ या अंकाचा असतो. अंक ही कागदावरची कल्पना आहे असे म्हणणाऱ्याला ही दोन रांगांची गोष्ट सांगावी.

+४ ला गिऱ्हाईक मिळते ते त्याच्या खाली उतरण्याच्या ओढीमुळे. १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा विद्युतघट केला; बॅटरीतला, म्हणजे टॉर्चमधला, साधा सेल त्याचाच वंशज. जस्ताचे आवरण इलेक्ट्रॉन देते, शून्यावरून +२ वर जाते. ते इलेक्ट्रॉन तारेतून, बल्बमधून फिरून आतल्या काळ्या भुकटीत पोचतात आणि मँगनीज +४ वरून +३ वर येते. नव्याने जे संयुग होते त्यात मँगनीजबरोबर एक ऑक्सिजन आणि एक हायड्रॉक्साइड गट असतो: क्ष − २ − १ = ०, क्ष = +३. बल्बचा उजेड हा एका पायरीच्या उतरणीतून आलेला. सेल संपला म्हणजे आतले मँगनीज संपलेले नसते. ते सगळे तिथेच असते, फक्त पायरी उतरून बसलेले.

चांगल्या सेलला मात्र खाणीतले डायऑक्साइड चालत नाही, फार शुद्ध लागते. त्यासाठी डोंगरी बुजुर्गलाच मॉयलचा विद्युतविश्लेषी मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. या पदार्थाच्या निर्मितीची रीत ऐकताना प्रथम वेडगळ वाटते. डायऑक्साइड आणायचे, ते मोडायचे आणि पुन्हा डायऑक्साइड करायचे. +४ चे खनिज कोळशासारख्या पदार्थाबरोबर तापवून +२ वर उतरवतात, कारण +२ सल्फ्युरिक आम्लात सहज विरघळते आणि +४ विरघळत नाही. द्रावणातून लोखंड आणि इतर घाण काढून टाकतात. मग उकळीच्या जवळ तापलेल्या त्या मँगनीज सल्फेटच्या द्रावणातून वीज सोडतात. धनाग्रावर +२ चे इलेक्ट्रॉन हिरावले जातात, अंक पुन्हा +४ होतो, आणि काळ्या डायऑक्साइडचा घट्ट थर पट्टीवर चढतो. तो खरवडून काढायचा. प्राचीन समुद्राने जे केले तेच हे: +२ ला विरघळू द्यायचे, +४ ला साचवायचे. समुद्राला युगे लागली, कारखान्यात दिवस लागतात.

मँगनीजची सर्वांत वरची पायरी +७. ती आपल्या ओळखीची आहे. पोटॅशियम परमँगनेट: १ + क्ष + ४(−२) = ०, क्ष = +७. १८९० च्या दशकात आग्र्याला असलेल्या अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने पटकीच्या साथीत विहिरींमध्ये परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला, आणि क्लोरिनची पावडर सरसकट येईपर्यंत ती रीत देशात बरीच वर्षे चालली. विहिरीचे पाणी आधी गुलाबी-जांभळे होते. घाण जास्त असेल तर रंग लवकर मावळून पाणी तपकिरी दिसते. तो तपकिरी गाळ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. +७ चे +४ झाले, मधले तीन इलेक्ट्रॉन पाण्यातल्या सेंद्रिय घाणीकडून घेतले. रंग टिकला याचा अर्थ ऑक्सिडीकरण करण्यासारखे पाण्यात फारसे उरले नाही. सर्पदंशाची जखम कापून तिच्यात परमँगनेटचे खडे भरण्याची रीतही एके काळी डॉक्टरांनीच रूढ केली होती. तिने विष उतरत नाही, उलट मांस जळते. आज ती पूर्णपणे त्याज्य आहे.

बारावीच्या प्रात्यक्षिकात हेच परमँगनेट ब्युरेटमध्ये भरतात आणि खाली शंकुपात्रात ऑक्झॅलिक आम्ल असते. ऑक्झॅलिक आम्लात हायड्रोजन दोन, कार्बन दोन, ऑक्सिजन चार: २ + २क्ष − ८ = ०, कार्बन +३. त्याला +४ वर जायचे आहे, मँगनीजला आम्लात +७ वरून थेट +२ वर यायचे आहे, आणि +२ चे पातळ द्रावण जवळजवळ रंगहीन असते. म्हणून वेगळा दर्शक लागत नाही. शेवटचा थेंब गुलाबी राहिला की काम झाले. पण गंमत पहिल्या थेंबांत आहे. आम्ल ६०-७० अंशांपर्यंत तापवलेले असूनही पहिले काही थेंब रेंगाळतात, पात्र हलवत बसावे लागते. नंतर मात्र थेंब पडताक्षणी रंग जातो. कारण त्या पहिल्या थेंबांतून तयार झालेले +२ मँगनीजच पुढच्या अभिक्रियेला वेग देते. घाई करून सुरुवातीलाच जास्त द्रावण सोडणारे विद्यार्थी तपकिरी गढूळ पाणी करून बसतात, म्हणजे अंक +४ वर अडकला. मोहरच्या क्षाराबरोबर केलेल्या अनुमापनात लोखंड +२ वरून +३ वर जाते. मँगनीज पाच पायऱ्या उतरते आणि लोखंडाचा अणू एकच पायरी चढतो, म्हणून एका परमँगनेटला लोखंडाचे पाच अणू लागतात. समीकरण तोल साधते ते इथे.

परमँगनेटच्या पातळ द्रावणात दाहक सोडा आणि साखर घातली तर आणखी एक अंक दिसतो. जांभळ्याचे हिरवे होते: मँगनेट, ज्यात पोटॅशियमचे दोन अणू असतात आणि २ + क्ष − ८ = ० या हिशेबाने मँगनीज +६. मधे क्षणभर निळसर छटा येते ती मुख्यतः जांभळ्या-हिरव्याच्या सरमिसळीची. शेवटी पिवळट-तपकिरी, म्हणजे पुन्हा +४. सगळा खेळ काही मिनिटांत संपतो. दाहक सोडा डोळ्याला आणि कातडीला घातक आहे, तेव्हा हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

इथे एक प्रामाणिक खुलासा हवा. परमँगनेटमधल्या मँगनीजने सात इलेक्ट्रॉन खरोखर गमावलेले नसतात. मिठात सोडियमचा +१ जवळजवळ खरा भार आहे, मोजता येण्यासारखा. पण +७ भार असलेला सुटा अणू शेजारच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन ओढून घेतल्याशिवाय राहणारच नाही. प्रत्यक्षात दोघे इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि मँगनीजवरचा खरा भार +७ च्या आसपासही नसतो. ऑक्सिडीकरण अंक म्हणजे 'सगळे बंध पूर्णपणे आयनिक मानले तर' निघणारा भार. २०१६ साली आयुपॅक या जागतिक संस्थेने जी सुधारित व्याख्या दिली तिचा गाभा हाच. मानीव असूनही तो इतका बिनचूक काम करतो, हे मला या विषयातले खरे आश्चर्य वाटते. परमँगनेटचा जांभळा रंगसुद्धा या अतिरेकी अंकाचाच परिणाम: हिरवा प्रकाश शोषून ऑक्सिजनकडचा एक इलेक्ट्रॉन क्षणभर मँगनीजकडे उडी मारतो. सातपेक्षा वर कोणी जाते का? ऑस्मियमसारखे धातू +८ गाठतात. २०१४ मध्ये इरिडियमचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार अशा +१ भाराच्या आयनाची नोंद झाली. क्ष − ८ = +१. क्ष = +९.

मँगनीजच्या पायऱ्यांचा सर्वांत नाजूक वापर झाडाच्या हिरव्या पानात होतो. कारंजा-आष्टी भागातल्या संत्र्याच्या पानातही तो चालू असतो. तिथे प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक ऑक्सिजनच्या पाच अणूंनी जोडलेले आहेत. प्रकाशाचा एक कण आला की या पुंजक्यातून एक इलेक्ट्रॉन काढला जातो आणि एखाद्या मँगनीजचा अंक +३ वरून +४ होतो. असे चार वेळा झाले की पुंजका एकदम चार इलेक्ट्रॉन पाण्याकडून वसूल करतो, पाण्यातला ऑक्सिजन −२ वरून शून्यावर येतो, वायू होऊन बाहेर पडतो आणि मँगनीज पुन्हा खाली उतरते. चारांचा हा ताल १९६९-७० च्या सुमारास पियेर जोलियो आणि बेसेल कोक यांच्या कामातून उघड झाला. पुंजक्याची रचना २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अणूअणूने दाखवली. बागायतदार मँगनीज सल्फेट फवारतात ते याच पुंजक्यांच्या भरपाईला. सल्फेटच का, तर त्यातले मँगनीज +२ आहे आणि झाड +२ च उचलते. जमिनीत +४ चे काळे ऑक्साइड कितीही पडलेले असो, मुळांना ते दगडासारखेच.

राहिला शून्य. जगातले बहुतेक मँगनीज पोलादासाठी खपते आणि तिथे त्याला शून्यावर आणावे लागते. भट्टीत कार्बन त्याचा ऑक्सिजन काढून घेतो आणि फेरोमँगनीज नावाचा मिश्रधातू मिळतो. वर्ध्याजवळ भूगावला जसा पोलाद कारखाना आहे, तशा ठिकाणी वितळलेल्या लोखंडात मँगनीज घालतात ते दोन कामांसाठी. उरलेला ऑक्सिजन बांधायला आणि गंधकाला आवरायला. लोखंड आणि गंधकाचे संयुग लवकर वितळते, कणांच्या सांध्यांत शिरते आणि तापल्या पोलादाला लाटताना तडे पाडते. मँगनीज तिथे जाऊन लोखंडाला सोडवते: लोखंड +२ वरून शून्यावर, मँगनीज शून्यावरून +२ वर, गंधक −२ चा −२ च. मँगनीज सल्फाइड फार उच्च तापमानाला वितळते, त्यामुळे ते निरुपद्रवी कणांच्या रूपाने पडून राहते.

मँगनीज बारा टक्क्यांच्या आसपास नेले तर पोलादाची जातच बदलते. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये हे पोलाद केले. त्याच्यावर ठोके बसतील तसा त्याचा पृष्ठभाग अधिकाधिक कठीण होत जातो. रेल्वेत एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे प्रत्येक चाकाचा दणका बसतो, म्हणून तिथल्या ओतीव तुकड्यासाठी हेच पोलाद वापरतात. रेल्वेवाले त्याला सीएमएस क्रॉसिंग म्हणतात. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग वर्धा-सेवाग्रामपाशी येऊन मिळतात, तेव्हा असे दणके या परिसरात रात्रंदिवस बसत असतात. हा तुकडा ओळखण्याची एक खूण आहे. साध्या रुळाला चुंबक घट्ट चिकटतो. बारा टक्के मँगनीजच्या पोलादात लोखंडच बहुतांश असूनही चुंबक त्याला धरत नाही.